नदीखोऱ्याचा पाठ : अंकीय नकाशा आणि गावचा तलाव

(भूगोल : इयत्ता ५ वी ते ७ वी)

प्रस्तावना. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते व पुढे वर्धेस मिळून प्राणहिता होते, हे विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. बाघ, चुलबंद व गाढवी या तिच्या उपनद्याही तो सांगतो. परंतु शाळेच्या छपरावरून पडलेले पाणी कोणत्या नाल्याने तिकडे जाते, असे विचारताच तो थांबतो. पाठाचा आरंभ याच प्रश्नाने करावा.

खोऱ्याचा आकार. ज्या भूभागाचे पाणी एका नदीस मिळते, ते तिचे खोरे होय. त्याची सीमा म्हणजे जलविभाजक. खोऱ्याच्या क्षेत्रफळास लांबीच्या वर्गाने भागावे. १० किलोमीटर लांबीच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ २५ चौरस किलोमीटर असल्यास उत्तर ०.२५ येते, ते ६० असल्यास ०.६ येते. पहिले खोरे निमुळते, दुसरे गोलसर. गोलसर खोऱ्यात सर्व नाल्यांचे पाणी जवळजवळ एकाच वेळी मुखाशी पोचते. म्हणून पूर लवकर व मोठा येतो. निमुळत्या खोऱ्यात तो तुलनेने संथपणे चढतो.

अंकीय नकाशा. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची रडारने मोजली. २००५ मध्ये सोडलेल्या भारताच्या ‘कार्टोसॅट-१’ या उपग्रहाच्या छायाचित्रांवरूनही असे उंचीचे नकाशे तयार झाले. त्यांत जमिनीचे सुमारे ३० मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकास उंचीचा अंक दिलेला असतो. संगणक प्रत्येक चौकोनाचे पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत उताराच्या चौकोनाकडे वळवतो आणि नाल्यांचे जाळे आखतो.

नकाशाची मर्यादा. चहूबाजूंनी उंच असलेला खळगा आढळल्यास तेथे हिशेब अडतो. म्हणून संगणक बहुधा तो खळगा मोजणीतील चूक समजून भरून टाकतो. डोंगराळ प्रदेशात याने फारसे बिघडत नाही. परंतु गोंदिया हा मालगुजारी तलावांचा व बोड्यांचा जिल्हा आहे. येथील खळगा ही चूक नसून पूर्वजांनी पाळ घालून अडवलेले पाणी आहे. शिवाय पाळ ३० मीटरपेक्षा अरुंद असल्याने चौकोनाच्या सरासरीत हरवते. सपाट बांध्यांतून नहरीने फिरवलेले पाणीही नकाशास कळत नाही. अशा नकाशावर विसंबून नाला खोल केल्यास अथवा रस्ता बांधल्यास तलावाकडे येणारे पाणी तुटण्याचा संभव असतो.

कृती. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस गावच्या पाळीवर न्यावे. पाणी कोठून येते, सांडव्यावरून कोठे जाते व नहर कोणत्या बांध्यांस भिजवते, हे वृद्ध शेतकऱ्यांस विचारून कागदावर काढवून घ्यावे. पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ देऊ नये. नंतर तो कागद अंकीय नकाशाशेजारी ठेवावा. जेथे दोहोंत फरक दिसेल, तेथे पुन्हा जाऊन पाहावे. मुलांनी स्वतः पाहून केलेली ही दुरुस्ती, हेच या पाठाचे फलित समजावे.