यंत्रयुग, श्रम आणि आपला समाज

यंत्राविषयी आपल्या समाजात दोन टोकाची मते ऐकू येतात. काही म्हणतात, यंत्र आले की कष्ट जातील आणि कष्टाला चिकटलेली जातही जाईल. काही म्हणतात, यंत्र आले की गरिबाची भाकर जाईल. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. यंत्र कोठे आणायचे, ते कोणाच्या हाती द्यायचे आणि त्यामुळे वाचलेला वेळ व पैसा कोणाच्या पदरात टाकायचा, हे यंत्र ठरवीत नाही, माणसे ठरवितात. आपल्याच इतिहासातील व वर्तमानातील दोन उदाहरणांवरून हे समजून घेऊ.

१. माग आणि धोटा

मुंबईच्या कापड गिरण्या म्हणजे त्या काळचे आधुनिक यंत्रयुगच. तेथे हजारो अस्पृश्य कामगार होते, परंतु ते मुख्यतः कमी पगाराच्या सूतकताई खात्यात. अधिक पगाराच्या विणकाम खात्याचे, म्हणजे साचेखात्याचे, दार त्यांना बंद होते. कारण काय? धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडी लागेल, ही सवर्ण कामगारांची हरकत. यंत्र विलायतेहून आले, पण विटाळ येथलाच राहिला.

१९२८ साली एका विणकऱ्याने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, यांसारख्या मालकांच्या योजनांविरुद्ध गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा संप झाला. त्या वेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला की, विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश ही मागणीही कामगारांच्या मागण्यांत घ्यावी. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच स्वीकारली. कामगार एकजुटीच्या आड जातिभेद झाकला जाऊ नये, हा त्यामागचा धडा आहे.

वास्तविक तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे त्याआधीच जगात निघाले होते. पुढे तर बिनधोट्याचे माग आले. हरकतीचे कारणच संपले. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांतील लाखावर नोकऱ्या गेल्या. विणकाम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे सरकले. जे दार इतक्या झगड्याने उघडावे लागले, ते खातेच उरले नाही.

२. गटार आणि यंत्र

आता उलट उदाहरण पाहू. ज्या कामातून माणसाला सर्वप्रथम सोडवावयास हवे, त्या गटार व मैलाटाकी साफ करण्याच्या कामात यंत्र सर्वात सावकाश येते. १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. मैला खेचणाऱ्या व पाण्याचा जोरदार झोत मारणाऱ्या गाड्या आहेत. २०१८ पासून केरळात मॅनहोलमध्ये उतरणारे ‘बॅंडिकूट’ हे यंत्रही वापरात आले. तरीही विषारी वायूने गुदमरून माणसे मरतात, आणि मरणारे बहुतांशी दलितच असतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पगार वाचतो तेथे यंत्र लगेच येते. केवळ जीव वाचतो तेथे ते वाट पाहत राहते. ज्याचा जीव स्वस्त मानला जातो, त्याच्या वाट्याला यंत्र शेवटी येते.

३. बाबासाहेबांची दृष्टी

बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. गांधीवादावर टीका करताना त्यांनी १९४५ साली मांडले की, माणसाला पशूच्या पातळीवरील जगण्यातून मुक्त करून संस्कृतीसाठी फुरसत मिळवून द्यावयाची तर यंत्र हवेच. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी ही दृष्टी कृतीत आणली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. यंत्राने वाचविलेल्या वेळेत कामगाराचा वाटा असतो, हे त्यातून कायद्याने मान्य झाले.

४. आजचे आव्हान

आपल्या कित्येक कुटुंबांत पहिला नियमित पगार शिपाई, टंकलेखक, कारकून किंवा छापखान्यातील खिळे जुळविणारा यांच्या हातून आला. संगणकाने यांपैकी बरीच कामे गिळली. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ साली केंद्र सरकारातील गट ‘ड’ ही वर्गवारी गेली आणि त्यातील बरीच कामे कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटाबरोबर आरक्षणाची हमीही सैल झाली. आज मोबाईलच्या आदेशावर घरपोच माल देणाऱ्या तरुणाला साहेब दिसतच नाही. किती फेऱ्या व किती पैसे हे यंत्र सांगते, पण त्यामागचा हिशेब मालकाचाच असतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा उल्लेख प्रथमच आला. तो हक्क प्रत्यक्षात मिळविणे हे पुढचे काम आहे.

५. धम्माचा निकष व आपले कर्तव्य

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगल्या पदार्थांत वाटा देणे आणि वेळेवर सुट्टी देणे. कोणतेही नवे यंत्र या पाच कसोट्यांवर घासून पाहावे. त्याने कामगाराचा भार हलका झाला काय? वेतन, औषधपाणी, वाटा आणि विश्रांती यांत भर पडली काय?

आपण काय करावे? विद्यार्थ्यांनी केवळ यंत्र चालविण्यावर न थांबता ते दुरुस्त करणे व घडविणे शिकावे. आयटीआय, तंत्रनिकेतन व शिकाऊ उमेदवारीच्या संधी मुलींनीही घ्याव्यात. नोकरदारांनी वेतनचिठ्ठी व भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा, कंत्राटी असले तरी संघटनेत यावे. आणि विहारातील अभ्यासवर्गात धम्माबरोबर कामगार कायदाही शिकविला जावा. यंत्र येणारच आहे. ते येताना निर्णयाच्या जागी आपली माणसे असावीत, एवढी तयारी आपल्या हाती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) विणकाम खात्यातील बंदी यंत्रामुळे होती की समाजरचनेमुळे?
२) गटारसफाईत यंत्र उशिरा का येते?
३) आपल्या वस्तीतील कोणती कामे गेल्या वीस वर्षांत नाहीशी झाली? ती करणारे आज काय करतात?

जय भीम!