पदवीनंतरचे एक वर्ष : अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश आणि विशेष पदव्युत्तर अभ्यासक्रम

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे बरेचसे शिक्षण पती गोपाळराव यांच्याकडे घरीच झाले होते. तरीही त्यांना प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. त्याच देशात आज वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचण्यासाठी साधारणतः चार वर्षांची पदवी आधी पदरी असावी लागते. पदवी मिळवूनही ज्यांना दार उघडले जात नाही, असे अनेक तरुण आणखी एक किंवा दोन वर्षे खर्चून मास्टर्सची पदवी घेतात. त्या विषयाचे अध्यापन किंवा संशोधन करावे हा त्यामागील हेतू नसतो. वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज बळकट व्हावा, एवढ्यासाठीच ही पदवी घेतली जाते.

आपल्याकडील शिक्षकांना आणि पालकांना ही रीत चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात एम.बी.बी.एस.चा प्रवेश बारावीनंतर ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेतील गुणानुक्रमाने होतो. बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.च्या गुणांना त्या यादीत स्थान नाही. तथापि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील दुसऱ्या पिढीपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, आणि परदेशी शिक्षणाच्या सल्ला केंद्रांच्या पाट्या आता जिल्ह्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. विज्ञानाचा पदवीधर गावातील गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे या विषयी विचारणा करू लागला, तर त्याला नेमके काय सांगावे, यासाठी या पद्धतीची घडण समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पदवीची अट कशी आली

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वैद्यकीय शाळांचा दर्जा अतिशय विषम होता. अनेक शाळा खाजगी व नफ्यासाठी चालत, आणि शुल्क भरू शकणाऱ्यास सहसा नकार मिळत नसे. १८९३ साली बाल्टिमोर येथे सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयाने प्रवेशासाठी पदवी आवश्यक ठरवली, ही त्या काळी मोठीच धाडसाची गोष्ट होती. पुढे कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ शाळांची पाहणी करून १९१० साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन शिक्षणाची किमान दोन वर्षे मागणाऱ्या शाळा त्यांना अवघ्या १६ आढळल्या. त्या अहवालानंतर कित्येक शाळा बंद पडल्या. उरलेल्यांनी विज्ञानाच्या पूर्वशिक्षणाची अट घातली आणि हळूहळू चार वर्षांची पदवी हा सर्वसाधारण नियम झाला.

या सुधारणेने दर्जा उंचावला खरा, परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, घर सोडून प्रथमच वसतिगृहात राहू लागलेल्या मुलाने पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात मिळवलेली श्रेणी त्याच्या वैद्यकीय भवितव्याशी बांधली गेली. १९७४ च्या सुमारास अर्जदारांची संख्या ४२ हजारांवर गेली, तेव्हा जागा सुमारे १५ हजारच होत्या. चांगले, पण अत्युत्कृष्ट नसलेले असंख्य विद्यार्थी बाहेर राहिले. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठाने १९७५ साली शरीरक्रियाविज्ञानाचा जो ‘स्पेशल मास्टर्स प्रोग्राम’ सुरू केला, तो अशाच विद्यार्थ्यांसाठी होता. आज असे अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत आहेत आणि बोस्टन विद्यापीठाचा वैद्यकीय विज्ञानातील मास्टर्स त्यांपैकी सुपरिचित आहे.

स्पर्धा आजही तीव्र आहे. २०२३-२४ च्या प्रवेशवर्षात एम.डी. देणाऱ्या महाविद्यालयांकडे सुमारे ५२,५०० जणांनी अर्ज केले, तर प्रत्यक्ष दाखल झालेले विद्यार्थी सुमारे २३ हजार होते. दाखल झालेल्यांच्या श्रेणीगुणांची सरासरी, म्हणजे जी.पी.ए., ४ पैकी ३.७७ होती. ‘एमकॅट’ या प्रवेश परीक्षेत ४७२ ते ५२८ या मापावर त्यांची सरासरी ५११ च्या वर होती.

जुने गुण पुसले जात नाहीत

पदव्युत्तर वर्षाने आधीचे कमी गुण भरून निघतात, असा समज विद्यार्थ्यांत व पालकांत असतो. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना १८७६ पासून कार्यरत आहे. तिच्या सामायिक अर्जसेवेत पदवी स्तरावरील श्रेणीगुण आणि पदव्युत्तर स्तरावरील श्रेणीगुण स्वतंत्र मोजले व स्वतंत्र दाखवले जातात. एकाचा दुसऱ्यात मिलाफ होत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने पदवीचे १२० श्रेयांक पूर्ण केले आणि त्याची सरासरी ३.० आली. त्यानंतर त्याने मास्टर्सला ३.९ अशी उत्तम सरासरी मिळवली. अर्जात त्याचे पदवीचे गुण ३.० च राहतील आणि शेजारच्या वेगळ्या रकान्यात ३.९ दिसतील. याउलट, त्याने मास्टर्सऐवजी पदवी स्तरावरील विज्ञान विषयांचे ३० श्रेयांक जादा घेतले व सर्वांत पूर्ण ४.० मिळवले, तर १२० गुणिले ३ म्हणजे ३६०, त्यात ३० गुणिले ४ म्हणजे १२० मिळवून ४८० होतात. त्यास १५० ने भागता सरासरी ३.२ येते. वर्षभराच्या निर्दोष अभ्यासानेही आकडा दोन दशांशच वर सरकला. चार वर्षांचे ओझे एका वर्षाने हलके होत नाही, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

नापास किंवा कमी श्रेणीचा विषय पुन्हा घेतल्यासही एम.डी.च्या अर्जात दोन्ही वेळचे गुण धरले जातात. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांतून मिळणारी डी.ओ. ही पदवीही अमेरिकेत वैद्यक व्यवसायाचा पूर्ण अधिकार देते. त्यांच्या अर्जसेवेत पूर्वी नवी श्रेणी जुनीची जागा घेत असे, पण ती सवलत २०१७ साली संपुष्टात आली. जुन्या सल्लापुस्तिकांत मात्र ती अजून आढळते आणि विद्यार्थी फसतात.

मग त्या वर्षाचे मोल कशात

प्रवेश समितीपुढे खरा प्रश्न असतो तो हा, की हा विद्यार्थी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा भार पेलेल काय? विशेष मास्टर्सच्या विद्यार्थ्यास शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र असे विषय वैद्यकीय विद्यार्थ्यांसमवेत, किंवा त्यांच्याच तोडीच्या स्वरूपात, शिकावे लागतात. अनेक ठिकाणी प्रश्नपत्रिका तीच असते आणि वैद्यकीय वर्गाच्या सरासरीशी त्याचे गुण ताडून पाहिले जातात. ज्या वर्गात बसण्यासाठी तो अर्ज करीत आहे, त्याच वर्गात तो निम्म्याहून वर राहिला, तर पाच वर्षांपूर्वीच्या ‘सी’ श्रेणीला समितीच्या लेखी वेगळा अर्थ येतो. ती श्रेणी अर्जावर कायम राहते, पण तिच्यावरून काढावयाचा निष्कर्ष बदलतो.

सर्व मास्टर्स पदव्यांना हे मोल नाही, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. प्रयोगशाळेतील संशोधनाची एम.एस. किंवा सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. या स्वतःच्या जागी मोलाच्या पदव्या आहेत. ज्याला त्या विषयाची ओढ आहे त्याने त्या जरूर घ्याव्यात. परंतु पदव्युत्तर वर्गांत श्रेणी सढळ हाताने दिल्या जातात, तेथे ‘बी’ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण असाच संकेत आहे, हे समित्यांना ठाऊक असते. त्यामुळे अशा पदवीतील ३.९ पाहून त्या फारशा प्रभावित होत नाहीत.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून जो मागे पडला, त्याने आपली असमर्थता स्वतःच्या खर्चाने लेखी सिद्ध करून दिली, असे होते. पदवीचे कमी गुण वयाच्या, आजारपणाच्या किंवा घरच्या अडचणीच्या नावावर समजावून सांगता येतात. मास्टर्समधील कमी गुणांना तशी सबब उरत नाही. म्हणून त्या वर्षी नोकरी, लांबचा प्रवास आणि एमकॅटची तयारी एकाच वेळी करू पाहणाऱ्याने एक वर्ष थांबणे पत्करावे.

आधी निदान, मग उपचार

वैद्य होऊ इच्छिणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको, तरी सांगावे लागते. अर्ज फेटाळला गेला म्हणजे गुणच कमी पडले असे नव्हे. ज्याची पदवीची सरासरी ३.७ आहे, परंतु एमकॅटमध्ये ४९८ आहेत, त्याला मास्टर्सचा उपयोग नाही. त्याने परीक्षेचीच तयारी नव्याने केली पाहिजे. ही परीक्षा विश्रांतीसह सुमारे साडेसात तास चालते आणि आयुष्यात एकूण सातदाच देता येते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. ज्याचे दोन्ही आकडे उत्तम आहेत, पण ज्याने रुग्णालयात, शुश्रूषागृहात किंवा सेवाकार्यात कधी पाऊल ठेवले नाही, त्याची उणीव वर्गात बसून भरून निघणार नाही. कित्येकांचा अर्ज तर केवळ उशिरा गेल्यामुळे किंवा मोजक्याच नामांकित महाविद्यालयांकडे पाठवल्यामुळे वाया जातो. ज्याची सरासरी तीनच्या बरीच खाली आहे व विज्ञानाचा पायाच कच्चा आहे, त्याने प्रथम पदवी स्तरावरील विषय पुन्हा नीट करावेत हे बरे. विशेष मास्टर्सचा खरा लाभार्थी तो, ज्याची सरासरी तीन ते साडेतीनच्या आसपास घुटमळते, एमकॅट समाधानकारक आहे, सेवेचा अनुभव आहे आणि शंका उरली आहे ती केवळ अभ्यासाच्या क्षमतेविषयी.

वेळापत्रकाचा पेच

अर्ज भरण्यास मेच्या प्रारंभी सुरुवात होते, मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत तो सादर करता येतो, आणि मुलाखती शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत चालतात. मास्टर्सचे वर्ग सामान्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस भरतात. त्याच वर्षी जूनमध्ये अर्ज केल्यास समितीपुढे नव्या अभ्यासाचा एकही गुण नसतो. पहिल्या सत्राचा निकाल डिसेंबरात लागतो, तोवर पुष्कळशी मुलाखतीची पत्रे निघून गेलेली असतात. वर्ष पूर्ण करून अर्ज करावा तर गुण हाती असतात, पण पुढचे एक वर्ष प्रतीक्षेत काढावे लागते. ते वर्ष प्रयोगशाळेत वा रुग्णालयात काम करून काढणारे पुष्कळ आहेत. कोणता मार्ग धरावा हे प्रत्येकाच्या गुणांवर अवलंबून असले, तरी जुना अर्ज जसाच्या तसा पुन्हा धाडण्यापेक्षा पूर्ण निकालासह जाणे सामान्यतः श्रेयस्कर होय. काही संस्था विशिष्ट सरासरी मिळवणाऱ्यास आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयात मुलाखतीची हमी देतात. मुलाखतीची हमी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. अटी लेखी मागून वाचाव्यात. गेल्या वर्षी किती जण बसले व त्यांपैकी किती जण वैद्यकीय महाविद्यालयात पोचले, हेही विचारावे.

पैशाचा हिशेब

काही प्रसिद्ध संस्थांत या एका वर्षाचे शिकवणी शुल्क पन्नास हजार डॉलरांच्या पुढे जाते. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कर्जदार विद्यार्थ्यांच्या डोक्यावर तेथे बहुधा दोन लाख डॉलरांच्या आसपास कर्ज असते, त्यात ही भर. २००६ पासून संघराज्य सरकारच्या ‘ग्रॅज्युएट प्लस’ योजनेतून संपूर्ण खर्चाइतके कर्ज मिळू शके. २०२५ सालच्या कायद्याने ही योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद ठरवली आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यास वर्षाला २०,५०० डॉलर ही सरकारी कर्जाची मर्यादा घातली. उरलेली रक्कम घरची किंवा खाजगी कर्जाची. मध्यमवर्गीय कुटुंबाने हा आकडा प्रथम मांडावा व मग अभ्यासक्रमाची नावे पाहावीत.

येथील विद्यार्थ्यासाठी

महाराष्ट्रातून बी.एस्सी. करून, अमेरिकेत मास्टर्स घेऊन तेथेच वैद्यकीय महाविद्यालयात शिरण्याचा बेत करणाऱ्यास तर अधिकच सावध करावे लागेल. तेथील अनेक महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्जच स्वीकारत नाहीत. जी स्वीकारतात, त्यांपैकी बहुतेकांना पूर्वशिक्षणाचा काही भाग अमेरिकेत वा कॅनडात झालेला लागतो. विद्यार्थी परवान्यावर गेलेल्यास सरकारी कर्ज मिळत नाही आणि काही महाविद्यालये शुल्काची काही वर्षांची रक्कम आगाऊ अनामत ठेवावयास सांगतात. मास्टर्सला प्रवेश मिळणे तुलनेने सोपे असते, कारण संस्थेला शुल्क मिळते. त्यावरून पुढचे दार उघडे आहे असे समजू नये.

अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करण्याची ज्याची आकांक्षा आहे, त्याच्यासाठी येथून जाणारी रुळलेली वाट निराळी आहे. भारतात एम.बी.बी.एस. पूर्ण करावयाचे, तेथील परवाना परीक्षेचे टप्पे द्यावयाचे, १९५६ साली स्थापन झालेल्या ई.सी.एफ.एम.जी. या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवावयाचे आणि मग रुग्णालयातील निवासी प्रशिक्षणासाठी अर्ज करावयाचा. ही वाट लांब व खर्चाची आहे, आणि शेवटची निवड तेथेही स्पर्धेनेच होते. मात्र मास्टर्सची पदवी ही तिच्यातील आवश्यक पायरी नाही.