क्षारपरीक्षणात सामूचे स्थान

क्षारसूत्रासाठी लागणारा अपामार्ग क्षार बहुतेक वैद्य आता स्वतः सिद्ध न करता विकत घेतात. सोबतच्या पत्रकावर सामू, म्हणजे पीएच, छापलेला असतो व त्यावर विसंबून माल स्वीकारला जातो. आम्हीही तेच करीत होतो.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी १९०९ मध्ये ही मोजणी सुचविली. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक होय.

आमच्याकडील दोन क्षारांपैकी एकाच्या सूत्राने भगंदराचा मार्ग अपेक्षेप्रमाणे छेदला जाई, दुसऱ्याचे काम रेंगाळे व रुग्णास सूत्रबदलाच्या वेदना अधिक वेळा सोसाव्या लागत. दोहोंची १ टक्का द्रावणे करून सामू मोजला, तर फरक दोन दशांशांहूनही कमी! सामूपट्टीवर तर रंग एकच.

कारण शोधता उलगडा झाला. अपामार्ग क्षारातील मुख्य आम्लारी घटक पोटॅशियम कार्बोनेट. तो दुर्बल आम्लारी असल्याने त्याचे द्रावण दहापट पातळ केले तरी सामू सुमारे अर्धा अंकच उतरतो. निम्मे मीठ मिसळलेला क्षारही सामूच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. हळदीच्या लेपाने सूत्र लाल होते, तेही आम्लारीपणाचेच लक्षण, बळाचे नव्हे.

बळ मोजावयाचे तर अनुमापन करावे. १ ग्रॅम क्षार ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून त्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब घालावेत आणि पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडावे. शुद्ध पोटॅशियम कार्बोनेटला सुमारे १४.५ मि.लि. आम्ल लागते. वनस्पतिज क्षारात पोटॅशियमचे क्लोराइड व सल्फेटही असल्याने आकडा कमीच येणार. म्हणून स्वतः सिद्ध केलेल्या एका चांगल्या पाकाचा आकडा नोंदवून त्याच्याशी तुलना करावी. आमच्या दुसऱ्या क्षारास पहिल्याच्या जेमतेम निम्मे आम्ल पुरले.

क्षारदग्धावर अम्ल द्रव्य योजण्यास सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांना हा अम्ल-क्षारांचा परस्परनाश ठाऊक होता. अनुमापन त्याचेच मोजमाप आहे.

सामूमापक निरुपयोगी, असे आमचे म्हणणे नाही. आसवारिष्टांसाठी तो अवश्य वापरावा; मात्र प्रत्येक वेळी ४ व ७ च्या प्रमाण द्रावणांनी जुळवून घ्यावा आणि काचेचा विद्युदग्र ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवू नये, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा.