जुनाट श्वासविकाराची उचल आणि रक्तातील फॉस्फेट

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या आपल्या सीमाभागात ‘दमा’ हा एकच शब्द दोन व्याधींसाठी वापरला जातो. वर्षानुवर्षे विडी ओढलेले शेतकरी आणि चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या माता-भगिनी यांचा विकार बहुधा सीओपीडी, म्हणजे जुनाट श्वासमार्गरोध असतो. थंडीत तुरीची रास सुरू झाली की गारठा व धूळ यांमुळे तो उचल खातो.

अशा रुग्णावर नेब्युलायझर, स्टेरॉइड, आवश्यक तेव्हा प्रतिजैविके आणि नियंत्रित प्राणवायू हे उपचार आपण करतोच. तरीही काही रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा थकतात. छाती मोकळी वाटते, पण श्वास ओढण्याचे बळ उरत नाही. अशा वेळी रक्तातील फॉस्फेटची आठवण व्हावी.

प्रौढांत त्याचे प्रमाण साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते; १ च्या खाली गेल्यास धोका गंभीर. स्नायूंची ऊर्जा असलेले एटीपी फॉस्फेटवाचून तयार होत नाही. तांबड्या पेशींतील डीपीजी घटल्याने रक्त पेशीजालाला प्राणवायूही सहजी सोडत नाही. १९८५ साली ओबिए व सहकाऱ्यांनी तीव्र श्वसननिकामीपणाच्या ८ रुग्णांत दाखविले की, फॉस्फेट दिल्यावर श्वासपटलाचे आकुंचन सुधारते.

गंमत अशी की, घट बरीचशी आपल्या उपचारांतूनच होते. सालब्युटामॉल व थिओफायलिन फॉस्फेटला पेशींत ढकलतात. साचलेला कार्बन डायऑक्साइड उतरू लागला की तेच घडते. स्टेरॉइड व मूत्रल औषधांनी ते लघवीवाटे जाते. त्यातच ‘डॉक्टर, एक सलाईन लावाच’ या आग्रहाखातर उपाशी, कृश रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावली, तर पातळी आणखी कोसळते.

इलेक्ट्रोलाइटच्या नेहमीच्या चिठ्ठीत सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड असतात. फॉस्फेट वेगळे लिहून मागवावे लागते. कृश, मद्यपी, अन्न तुटलेल्या व श्वासयंत्रावरील रुग्णांत ते अवश्य मागवावे. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम व क्रिएटिनिनही पाहावे. घट सौम्य असल्यास तोंडाने द्यावे. शिरेवाटे द्यायचे तर काही तासांत, सावकाश. मूत्रपिंड अशक्त असल्यास विशेष जपावे.

एक मर्यादा मात्र ध्यानी असावी. फॉस्फेट कमी असलेल्यांची प्रकृती अधिक बिघडते असे अनेक निरीक्षणांत आढळते. पण कमी फॉस्फेट हे मूळ कारण, की गंभीर आजाराची केवळ खूण, याचा निवाडा त्यातून होत नाही. म्हणून ही तपासणी मूळ उपचारांना पर्याय नव्हे, जोड आहे.

वाचक बंधू-भगिनींनी एवढे करावे: घरातील दमेकऱ्याला उपाशी ठेवू नये. भाकरी-वरणातील फॉस्फरस अंगी कमी लागतो. दूध, दही, अंडी यांतील अधिक. विडी सोडावी, चूल विझवावी. सोलापूर वा हैदराबादची वाट धरण्याआधी आपल्याच तालुक्यात केलेली एक साधी रक्ततपासणी कित्येकदा श्वासाला बळ देऊ शकेल.