स्वयंपाकघरांतील विजेचीं उपकरणें : दोषांची परीक्षा व जीवाचें रक्षण

विहिरीवरील मोटार बंद पडली म्हणजे शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. तो स्टार्टर उघडून पाहतो, तिन्ही फेज येतात कीं नाहीं हें तपासतो, आणि तेवढ्यानें न भागल्यास जाणत्या वायरमनास बोलावितो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरीं मिक्सरास हात लागतांच झिणझिण्या येतात, रॉड टाकलेल्या बादलींतील पाणी 'धरतें', किंवा प्लग काळा पडतो, तेव्हां चालायचेंच असें म्हणून तो विषय सोडून दिला जातो. मोटारीपाशीं आपण घटकाभर उभे राहतों. स्वयंपाकघरांत मात्र घरांतील स्त्रिया दिवसाचे कित्येक तास, बहुधा ओल्या हातांनीं व अनवाणी, विजेच्या वस्तूंशीं वावरत असतात. म्हणून शेताइतकीच, किंबहुना अधिक, दक्षता घरांत पाहिजे.

ता. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हांपासून आजपर्यंतच्या काळांत हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा ह्या पांचही तालुक्यांत पाटा-वरवंटा मागें पडून मिक्सर पुढें आला. त्याच्या जोडीस फ्रीज, रॉड व इंडक्शनची शेगडी आली. वस्तु आल्या, पण त्यांची परीक्षा कशी करावी ही विद्या त्यांच्याबरोबर आली नाहीं. ती थोडक्यांत सांगावी असा ह्या लेखाचा हेतु आहे.

विजेचा जमाखर्च

घरांत दोन तारा येतात : एक फेज व दुसरी न्यूट्रल. त्यांच्यामधील दाब २३० व्होल्ट असतो. फेजमधून जितका प्रवाह वस्तूंत गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. हा जमाखर्च बरोबर जुळला म्हणजे सर्व ठीक. तिसरी हिरवी तार अर्थिंगची. हिच्यांतून एरवीं कांहीं वाहत नाहीं. आंतील तारेचें वेष्टण फाटून ती वस्तूच्या धातूच्या अंगास टेकली, तर वाट चुकलेला प्रवाह जमिनींत नेऊन सोडणें एवढेंच हिचें काम. ही वाट नसेल तर वस्तूस हात लावणाऱ्या माणसाचें शरीर हीच ती वाट होते. झिणझिण्या येणें हा त्या दोषाचा पहिला निरोप होय. तो ऐकून न ऐकल्यासारखें करणें हा मोठा धोका आहे.

फ्यूज कोणाचें रक्षण करतो ?

फ्यूज आहे, एम.सी.बी. आहे, मग भय कसलें, असें पुष्कळांस वाटतें. येथें थोडें गणित करून पाहूं. हातपाय ओले असतां शरीराचा रोध सुमारें १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपियर, अर्थात् २३० मिलिअँपियर इतका प्रवाह अंगांतून जाऊं शकतो. सुमारें १० ते १५ मिलिअँपियरलाच स्नायु आखडून हातांतील वस्तु सोडवत नाहीं, आणि ३० पेक्षां अधिक प्रवाह कांहीं काळ छातींतून गेल्यास हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. उलट १६ अँपियरचा एम.सी.बी. म्हणजे १६,००० मिलिअँपियरचा. माणसाचा जीव घेण्यास पुरेसा असणारा प्रवाह त्याच्या खिजगणतींतही येत नाहीं. तात्पर्य, फ्यूज व एम.सी.बी. तारेचें आगीपासून रक्षण करतात. माणसाचें रक्षण करणें हें त्यांचें काम नव्हे.

जमिनीचा भरंवसा

मग अर्थिंग असलें म्हणजे झालें काय ? अर्थिंग हवीच, पण ती किती चांगली आहे हें पाहिलें पाहिजे. आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यांत ओल धरते व वीज सहज घेते. तीच जमीन चैत्र-वैशाखांत भेगाळते, पुरलेल्या नळीपासून सुटते, आणि वाट अरुंद होते. मुरमाड माळावर तर ही अडचण बारमास असते. समजा, अशा अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. मिक्सरच्या अंगास फेज लागली तर २३० भागिले २०, म्हणजे फार तर ११.५ अँपियर प्रवाह जमिनींत जाईल. १६ अँपियरचा एम.सी.बी. पडणार नाहीं, आणि मिक्सरचें अंग मात्र जिवंत राहील. अर्थिंग आहे, एम.सी.बी. आहे, आणि तरीही धोका कायम आहे, असा प्रकार येथें घडतो.

ह्यास उपाय आर.सी.सी.बी. नांवाच्या बटणाचा. गेलेला व परत आलेला प्रवाह हें यंत्र सतत ताडून पाहतें. घरगुती उपयोगाचें बटण ३० मिलिअँपियरचें असावें. जमाखर्चांत ३० मिलिअँपियरची तूट आली कीं तें ०.३ सेकंदाच्या आंत वीज तोडतें. तूट पांचपट असल्यास ०.०४ सेकंदाच्या आंत. अर्थिंग २० ओहमची असो कीं २०० ची, तें आपलें काम करतें. मात्र ह्या पहारेकऱ्याच्याही मर्यादा ध्यानांत ठेवाव्या. एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरल्यास जमाखर्च जुळतोच; तेथें तें वांचवूं शकत नाहीं. जादा भारही त्यास कळत नाहीं. म्हणून त्याच्या जोडीस एम.सी.बी. हवाच. त्यावर एक लहान चाचणीचें बटण असतें. विजेचें बिल घरीं येईल त्या दिवशीं तें दाबून पाहावें. दाबतांच वीज गेली नाहीं तर पहारेकरी निजला आहे असें समजून तो बदलावा.

दोष शोधण्याचा क्रम

दोष शोधतांना पहिला नियम हा कीं, बटण बंद करून प्लग भिंतींतून बाहेर काढावा. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असेल तर तें बंद केल्यावरही वस्तूंत फेज राहते. टेस्टरचा दिवा लागला नाहीं म्हणजे वीज नाहीं असें मानूं नये. आधीं तो चालू सॉकेटांत लावून पाहावा, मग संशयित जागीं. मायक्रोवेव्हची भट्टी तर घरीं उघडूंच नये. प्लग काढल्यावरही तिच्या कॅपॅसिटरांत प्राणघातक वीज सांठून राहूं शकते.

वस्तु मुळींच चालत नसेल तर दोष बाहेरून आंत शोधीत जावा. त्याच सॉकेटांत दुसरी चांगली वस्तु लावून पाहावी. ती चालली तर सॉकेट निर्दोष. मग प्लगाचे स्क्रू, आणि जेथें तार वारंवार वांकते ती प्लगाजवळची व वस्तूजवळची जागा पाहावी. तार बहुधा तेथेंच तुटते. त्यानंतर वस्तूच्या आंतील भागाकडे वळावें.

मिक्सर एकाएकीं थांबला तर त्याच्या तळाशीं असलेलें लहान लाल बटण पाहावें. मोटारीवर भार अधिक झाला कीं तें बाहेर येतें. दहा-पंधरा मिनिटें मोटार निवूं द्यावी व मग तें दाबावें. वाळलेलीं हळकुंडें घरच्या मिक्सरांत घालणारांस हा अनुभव नित्याचा असतो. तो यंत्राचा दोष नव्हे, कामाचा आहे. ठिणग्या फार दिसूं लागल्या व वेग मंदावला तर कार्बन झिजले असें समजावें. मोटार फिरते पण पातें फिरत नाहीं, तर कपलर गेला. आपल्या देशांतील मिक्सरचा इतिहासही एका बिघाडापासूनच सुरू होतो. मुंबईस सीमेन्स कंपनींत असलेले सत्यप्रकाश माथुर ह्यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला, तेव्हां आपल्याकडील वाटणाचा भार सोसेल अशी मोटार बनविण्याच्या उद्योगास ते लागले, आणि १९६३ च्या सुमारास 'सुमीत' मिक्सरचा जन्म झाला. यंत्रास कोणतें काम पेलतें हें जाणणें ही दोषपरीक्षेची पहिली पायरी आहे.

रॉड तापत नसेल तर तो कोरडा करून मल्टिमीटरनें पाहावा. १५०० वॅटच्या रॉडचा रोध सुमारें ३५ ओहम व १००० वॅटच्याचा सुमारें ५३ ओहम भरतो. कांटा हललाच नाहीं तर आंतील कॉइल तुटली. शून्याजवळ आला तर आंत शॉर्ट आहे. प्लगाच्या दोन्ही लहान पिनांपैकीं कोणतीही एक व मोठी पिन ह्यांमध्यें मात्र कांटा मुळींच हलूं नये; हलल्यास प्रवाह धातूच्या अंगांत उतरतो आहे. एक गोष्ट विसरूं नये : कांहीं रॉड थंड असतां निर्दोष दिसतात व तापल्यावर गळतात. मीटरनें चांगला ठरलेला रॉड जर आर.सी.सी.बी. पाडीत असेल, तर रॉडच दोषी समजावा, आर.सी.सी.बी. काढून टाकूं नये.

रॉड तापतो, पण पाणी उशिरां तापतें, अशी तक्रार असल्यास आधीं दाब मोजावा. गांवांतील पंप चालू असतां दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर रॉडची उष्णता शेंकडा ६१ च उरते. अशा वेळीं रॉड बदलून कांहीं लाभ नाहीं.

प्लग तापून काळा पडत असेल तर तेथें जोड सैल आहे, किंवा भार अधिक आहे. १५०० वॅटचा रॉड ६.५ अँपियर व २००० वॅटची शेगडी ८.७ अँपियर ओढते. ह्या वस्तु ६ अँपियरच्या लहान सॉकेटावर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावूं नयेत. त्यांस १६ अँपियरचें मोठें सॉकेट व जाड तार पाहिजे.

दोन घातक रीति

पहिली रीत अशी कीं, अर्थिंग नाहीं म्हणून सॉकेटांतच अर्थाची व न्यूट्रलची पिन लहानशा तारेनें जोडून देतात. झिणझिण्या थांबतात व काम झालें असें वाटतें. परंतु एखाद्या वादळांत न्यूट्रल तुटली कीं घरांतील प्रत्येक जोडलेल्या वस्तूच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. दुसरी रीत, न्यूट्रल नसेल तेव्हां जमिनींत पुरलेल्या सळईसच न्यूट्रल मानून दिवा लावणें. ती सळई सुटतांच तिच्या तारेंत पूर्ण दाब उभा राहतो, आणि ती उचलावयास जाणारा आपल्याच घरचा असतो. ह्या दोन्ही रीति ज्या घरांत असतील तेथून आजच काढाव्या. फिटिंगचें काम परवानाधारक वायरमनाकडूनच करवावें. नियमही तोच आहे.

रॉडविषयीं आणखी एक. पाणी तापलें कीं नाहीं हें बोट बुडवून पाहण्याची संवय घातक आहे. आधीं बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि नंतरच पाण्यास हात, हा क्रम लेंकरांबाळांसही पाठ असावा.

अपघात झाल्यास

कोणी विजेस चिकटला तर त्यास हात लावूं नये. मुख्य बटण बंद करावें. तें दूर असल्यास कोरड्या लांकडानें वा प्लॅस्टिकच्या वस्तूनें त्यास वेगळें करावें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनीं, सुमारें ५ सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां दाब देत राहावें व मदत येईपर्यंत थांबूं नये. शुद्ध लवकर आली तरी डॉक्टरांस दाखवावें.

आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. पुढील हंगामाच्या खर्चाची यादी करतांना बियाणें व खत ह्यांबरोबर एका आर.सी.सी.बी.ची व अर्थिंगच्या दुरुस्तीची ओळ घालावी. अर्थाची नळी निदान अडीच मीटर खोल असावी, तिच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी ओतीत जावें, आणि दर वर्षीं वायरमनाकडून तिचा रोध मोजवून घ्यावा. आणि घरांतून मिक्सर किंवा फ्रीज झिणझिणतो असा शब्द आला, तर त्याच दिवशीं त्या वस्तूचा प्लग काढून ठेवावा. दोष सांपडेपर्यंत चार दिवस पाट्यावर वाटण वाटलें तरी चालेल.