शेती औजारांना रंग देण्यापूर्वीची तयारी



रब्बीची मळणी आटोपल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा काळ औजारांच्या देखभालीसाठी योग्य असतो. बरेच शेतकरी या काळात नांगर, कुळव, पेरणी यंत्र यांना रंग देतात. परंतु गंजावरच रंग फासल्यामुळे एका पावसाळ्यातच पोपडे निघू लागतात व खर्च वाया जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली राहिलेला गंज वाढत जाऊन रंगाचा थर उचलतो. रासायनिक खतांचे क्षार पृष्ठभागावर राहिल्यास ते हवेतील ओलावा ओढतात व गंजण्याची क्रिया वाढवतात.

जुना रंग काढताना सावधान

घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औजारांवरील जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक असते. जनावरांनी रंगाचे पोपडे चाटल्यास विषबाधा होऊन ती दगावू शकतात. म्हणून हे काम गोठा, चारा व पाण्याच्या हौदापासून दूर करावे. खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे, नाकातोंडावर मास्क लावावा व रंग ओला करूनच घासावा. रंग जाळून काढू नये. निघालेला चुरा गोळा करून बंद डब्यात ठेवावा. उकिरड्यावर टाकू नये.

कामाचा क्रम

१. औजारावरील माती व खत भरपूर पाण्याने धुवावे.

२. ग्रीस व तेल रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसावे. त्याचाही तेलकट थर मागे राहतो. म्हणून १० लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्याने धुवावे व पुन्हा स्वच्छ पाणी मारावे. ॲल्युमिनियमच्या भागांना सोडा लावू नये, साबण वापरावा.

३. सुटलेला रंग व गंज पत्रीने खरवडून तारेच्या ब्रशने घासावा. नंतर ८० नंबरचा व शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. घट्ट बसलेल्या जुन्या रंगाच्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या उतरत्या कराव्यात.

४. पुन्हा पाण्याने धुऊन, पुसून उन्हात पूर्ण वाळवावे. सांधे व बोल्टच्या खाचा विशेष तपासाव्यात.

५. उघडे लोखंड एका रात्रीच्या दवातही गंजते. म्हणून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. जस्ताचा मुलामा असलेल्या गुळगुळीत पत्र्यावर साधा प्रायमर धरत नाही. त्यासाठीचा खास प्रायमर दुकानातून मागून घ्यावा.

६. प्रायमर वाळल्यावर इनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. दव सुकल्यानंतर, पण पत्रा तापण्यापूर्वी काम करावे.

कोठे रंग देऊ नये

फाळ व नांगराचा माती पलटणारा पृष्ठभाग, बोल्टचे आटे, बेअरिंग, ग्रीस निपल आणि पट्ट्याच्या पुलीची खाच यांना रंग लावू नये. फाळावर ग्रीसचा पातळ थर पुरेसा आहे. लाकडी दांडा किंवा जू यांना जवसाचे तेल द्यावे; मात्र तेलाच्या चिंध्या ढिगात ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून मोकळ्या जागी सुटसुटीत वाळवाव्यात.

रंग देण्यास एक दिवस लागत असेल, तर तयारीसाठी दोन दिवस राखून ठेवावेत. पेरणीच्या ऐन घाईत गंजलेला फण मोडल्यास वाफसा निघून जातो, हे लक्षात घेऊन हे काम मे महिन्यातच उरकावे.