पिल्ले देण्याआधी अंगण कोणाचे ते विचारा



‘एका कुटुंबाला दहा पिल्ले’ म्हणून आपल्यापैकी बरेच जण देणगी पाठवतात. देणगी चांगलीच आहे. आदिवासी घरात कोंबडी केवळ अंड्यांसाठी नसते. मूल आजारी पडले, वह्या घ्यायच्या झाल्या, पाहुणा दारात आला, की पहिला हात खुराड्याकडे जातो. पण ही देणगी पोहोचवताना आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

डहाणूकडचे एक वारली जोडपे शहराजवळच्या एका बंगल्यावर राखणदारीला आहे. राहायला आवारातली मागची खोली. आम्ही त्यांना दहा पिल्ले दिली, फोटो काढला आणि निघालो. चार-पाच महिन्यांत त्यांतले चार कोंबडे पहाटे आरवू लागले. मालकांनी आठ दिवसांत सगळे काढायला सांगितले. अंड्यावर येऊ घातलेल्या तलंगासुद्धा बाईंनी मिळेल त्या भावाला विकल्या. मालक काही वाईट माणूस नव्हे. त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि विचारायचे काम आमचे होते.

पाड्यावर, स्वतःच्या घरामागे, हा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो भाड्याच्या खोलीत, कामगारांच्या क्वार्टरमध्ये, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारात आणि पुनर्वसनाच्या इमारतीत. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या पाड्यांतून काही आदिवासी कुटुंबांना इमारतीतल्या खोल्यांत जावे लागले. अशा खोलीला दार असते, अंगण नसते. तिथे पिल्ले देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जिन्याखाली खोक्यात कोंबड्या ठेवून ना त्यांचे भले होते, ना शेजाऱ्यांचे.

जिथे अंगण आहे पण ते दुसऱ्याचे आहे, तिथे मात्र मार्ग निघतो. मालकाला भेटून किती कोंबड्या, खुराडे कुठे आणि साफसफाई कोण करणार, एवढे कागदावर लिहून सही घ्यावी. तोंडी परवानगी मालकाचा मुलगा परदेशातून आला की विरून जाते. सोसायटी असेल तर कमिटीला अर्ज द्यावा. शहरात नगरपालिकेचे नियमही विचारून घ्यावेत. बहुतेक तक्रारी तीनच गोष्टींच्या असतात: आवाज, वास आणि शेजाऱ्याच्या कुंड्या उकरणे.

आवाजाचे उत्तर सोपे आहे. कोंबडा ठेवू नये. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही असे अजून पुष्कळांना वाटते. ती देते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. आणि इथेच गरिबाची खरी अडचण आहे, कारण खुराडे वाढते ते पिल्लांमुळे. त्यावर उपाय त्या बाईंनीच सांगितला, आम्हाला सुचला नव्हता. कोंबडा गावी भावाकडे ठेवायचा. घरची गावठी कोंबडी खुडूक झाली की गावाहून आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी आणून तिच्याखाली ठेवायची. एकवीस दिवसांत पिल्ले. त्यांतले नर आरवायला लागण्यापूर्वी गावी पाठवायचे किंवा विकायचे, आणि अंड्यांच्या बदल्यात भावाला पिल्लांत वाटा द्यायचा. यासाठी गावठी कोंबडीच हवी. गिरिराज, वनराज अंडी जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत.

वास येतो तो ओल्या विष्ठेचा. खुराड्यात भाताचे तूस चार बोटे पसरावे, ओले झाले की बदलावे आणि काढलेले खड्ड्यात कुजवावे. वांगी-मिरचीला ते उत्तम खत होते, आणि मालकाच्या बागेला त्यातले दोन घमेली दिले की निम्मी बोलणी तिथेच होतात. कोंबड्या मोकळ्या सोडता येत नसतील तर दर कोंबडीला किमान चार चौरस फूट जागा धरावी. चार कोंबड्यांना चार फूट लांब, चार फूट रुंद. याहून जास्त ठेवायचा मोह टाळावा. जाळी बारीक हवी, नाहीतर मुंगूस एका रात्रीत हिशेब संपवते.

लसीचे दुर्लक्ष होते, कारण शिशीत शंभर-शंभर मात्रा असतात आणि आपल्याकडे कोंबड्या चार. शिशी एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून जवळच्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. मानमोडीची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, पुढची साधारण आठव्या आठवड्यात टोचून.

एक नियम मात्र मालकाच्या सहीने सुटत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी कोंबड्या लपवू नयेत, पाहुण्यांकडे हलवू नयेत. पटापट कोंबड्या मरू लागल्या तर मेलेली हाताळू नये, दवाखान्यात कळवावे.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यापैकी काहींच्या आवारात, वाडीत, मिशन कंपाउंडमध्येही अशी कुटुंबे राहतात. पिल्लांसाठी पैसे पाठवणाऱ्याच्याच फाटकावर ‘पाळीव प्राणी ठेवू नयेत’ अशी पाटी आम्ही पाहिली आहे. त्यांना आम्ही विचारले, ते हसले आणि मागच्या भिंतीलगतची जागा दाखवली.

पुढचे वाटप दिवाळीनंतर आहे, कारण पावसात लहान पिल्ले टिकत नाहीत. यादीत या वेळी एक नवा रकाना आहे: जागा कोणाची. त्या राखणदार बाईंचे नाव पुन्हा घेतले आहे. मालकांनी तीन कोंबड्यांना लेखी होकार दिला आहे. चौथीसाठी त्या अजून बोलत आहेत.